तैलचित्रकाराची सामग्री : घरांतील व बाहेरची

तैलरंगांचा नाद नुकताच लागलेला मनुष्य दुकानांत शिरला, कीं त्याची दृष्टि प्रथम चोवीस नळ्यांच्या पेटीवर खिळते. पेटी दिसावयास मोठी देखणी. परंतु तींतील निम्मे रंग वर्षभर उघडावे लागत नाहींत, आणि जो पांढरा सर्वांहून अधिक लागतो त्याची नळी मात्र इतरांएवढीच चिमुकली असते. सुटे आठ रंग व एक मोठी पांढरी नळी घेणें केव्हांही शहाणपणाचें.

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलांत घोटलेली रंगाची पूड. पाण्याचे रंग पाणी उडून गेल्यानें वाळतात; तेल उडून जात नाहीं, तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. हाताला कोरडा लागणारा थर आंतून महिनेच्या महिने बदलत असतो. म्हणून खालच्या थरांत तेल थोडें व टर्पेंटाईन अधिक, आणि वरच्या थरांत तेल वाढतें, असा क्रम ठेवावा लागतो. हा क्रम उलटला तर वरचा थर आधीं कडक होतो, खालचा हलत राहतो, आणि चित्राला भेगा पडतात.

याच तेलांतील आम्लानें कापड कुजतें. यासाठीं कॅनव्हासला प्रथम सरस किंवा तत्सम कांहीं लावून छिद्रें बुजवितात व त्यावर पांढरें अस्तर देतात. स्वस्त कॅनव्हासमध्यें हीच पायरी घाईनें उरकलेली असते. कोपऱ्यावर तेल मिसळलेल्या रंगाचा ठिपका देऊन दुसऱ्या दिवशीं पाठ पाहावी. डाग उमटला असेल तर तें कापड टाकाऊ. सुती कापडापेक्षां लिनन महाग, पण धागा लांब व चिवट. मौज अशी कीं, लिनन ज्या झाडाच्या खोडापासून निघतें, त्याच जवसाच्या दाण्यांचें तें तेल! पावसाळ्यांत कोंकणपट्टीच्या दमट हवेंत कोणतेंही कापड सैल-तंग होतें. तेव्हां चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी ठोकण्याची सोय आहे कीं नाहीं हें पाहूनच ती घ्यावी.

रंगाची खरी परीक्षा नळीच्या दर्शनी नांवानें होत नाहीं. मागें बारीक अक्षरांत पुडीचा सांकेतिक क्रमांक असतो, ‘पी.बी. २९’ असेल तर तो खरा अल्ट्रामरीन. नांवापुढें ‘ह्यू’ हा शब्द असला, तर मूळ पुडीऐवजीं दुसरी स्वस्त पूड घातली आहे असें समजावें. ती वाईटच असते असें नाहीं, परंतु ती प्रकाशांत टिकते कीं नाहीं हें पाहिलेंच पाहिजे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनें १८८८ सालीं आपल्या शयनगृहाचें चित्र रंगविलें, तेव्हां भिंती जांभळ्या होत्या. त्यांतील तांबडा रंग उडाला, आणि आज जग त्या भिंती निळ्या म्हणूनच ओळखतें. एवढ्या मोठ्या चित्रकाराची ही गत. मग हौशी माणसानें काढलेल्या आजोबांच्या चित्रांतील गालांची लाली दहा वर्षांत गेली तर नवल काय? पांढऱ्यांत टायटॅनियम घ्यावा. जस्ताचा पांढरा कालांतरानें ठिसूळ होतो, आणि शिशाचा चिवट असला तरी विषारी असल्यामुळें मुलाबाळांच्या घरीं नकोच.

कुंचल्यांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. डुकराच्या राठ केसांचे चार चपटे व बारीक कामासाठीं एक मऊ, एवढे पुरतात. मात्र रोज साबणानें धुतले पाहिजेत.

चित्रशाळेची खिडकी उत्तरेकडे असावी, असें युरोपीय पुस्तकें सांगतात. तेथें तें बरोबरच आहे. मुंबई-पुण्याकडे मात्र २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारींही तो डोक्याच्या उत्तरेस असतो. उन्हाची तिरीप आली कीं पातळ पांढरा पडदा ओढावा. रंगीत पडदा सर्व रंग बिघडवितो.

बाहेर जाऊन तैलचित्र काढणें सुलभ झालें तें १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें कथलाच्या नळीचें पेटंट घेतल्यापासून. तत्पूर्वीं घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधीत व टोचून बाहेर काढीत. बाहेरच्या कामाची कसोटी एकच : सर्व सामान एका माणसाला मैलभर नेतां आलें पाहिजे. ऊन दीड-दोन तासांत पालटतें, म्हणून ८ × १० इंचांची फळीच योग्य. कापड नेलेंच तर पाठीमागें पुठ्ठा लावावा, नाहींतर उजेड कापडांतून आरपार येऊन रंग खोटे दिसतात. चित्र व पॅलेट दोन्ही सावलींत हवीं. छत्री पांढरी किंवा करडी घ्यावी. तिकाटण्याला दगड टांगला म्हणजे वारा तें पाडीत नाहीं. परततांना दोन ओल्या फळ्या समोरासमोर, मध्यें बुचाचे तुकडे ठेवून बांधाव्या.

राहिल्या त्या कुंचले पुसलेल्या चिंध्या. त्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकणें धोक्याचें असतें. जवसाचें तेल वाळतांना उष्णता उत्पन्न होते, बोळ्यांत ती कोंडते, आणि काडी न लावतां चिंध्या पेट घेतात. त्या अंगणांत एकेक पसरून वाळवाव्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत टाकून झांकण लावावें.