पेल्टन चाकाची निमुळती कड

खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. आज ७२ मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र ज्या पाण्यावर चालते ते लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांतून येते आणि सुमारे ५०० मीटरचा उतार उतरून सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचते. घर्षणात होणारी घट वगळली, तर नळाच्या तोंडातून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १०० मीटर होतो. इतक्या उंचीच्या आणि त्यामानाने कमी प्रमाणात वाहणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन चाक हेच योग्य यंत्र ठरते. अमेरिकेतील लेस्टर पेल्टन यांनी त्याचे एकस्व १८८० मध्ये मिळवले.

या चाकाच्या परिघावर दोन वाट्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशी पात्रे बसवलेली असतात आणि दोन वाट्यांच्या मध्ये एक धारदार कणा असतो, ज्याला स्प्लिटर म्हणतात. झोत या कण्यावर आदळून दुभंगतो, दोन्ही वाट्यांच्या आतून वळतो आणि सुमारे १६५ अंशांनी फिरून बाहेर पडतो. पूर्ण १८० अंश वळवला, तर परतणारे पाणी मागच्या पात्राच्या पाठीवर आदळेल. दोन्ही अर्ध्यांचे बाजूकडील जोर परस्परांना निष्प्रभ करत असल्याने चाकावर आसाच्या दिशेने जोर येत नाही. ही सारी किमया त्या कण्याच्या निमुळतेपणावर अवलंबून असते, कारण कड बोथट असेल, तर तेथेच पाणी उसळते आणि त्याची ऊर्जा वाया जाते.

ही कड संगणकावर रेखाटणे वाटते तितके सोपे नाही. कण्याची माथ्याची रेषा पात्राच्या टोकाकडे, जिथे झोताला वाट देण्यासाठी खाच ठेवलेली असते, तिथे वळते, आणि तिच्या लांबीभर जाडी व पाचरीचा कोन दोन्ही बदलत जातात. त्यामुळे एकच आडवा छेद रेषेवरून ओढत नेऊन, म्हणजे ‘स्वीप’ करून, काम भागत नाही. ठिकठिकाणचे वेगवेगळे छेद ठरवून त्यांच्यामधून पृष्ठभाग ताणावा लागतो, ज्याला ‘लॉफ्ट’ म्हणतात. प्रत्येक छेद त्या बिंदूपाशी रेषेला काटकोनात असला पाहिजे. तो कललेला राहिला, तर मोजलेली जाडी खरी राहत नाही.

याहून मूलभूत अडचण वक्रतेतून येते आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरला टाळता येत नाही. एखाद्या वक्र कडेला उतार दिला, की तिचा माथा पायापासून जेवढा सरकतो ते अंतर उंची आणि उताराच्या कोनाचा टॅन्जंट यांच्या गुणाकाराइतके असते: ३० मिलिमीटर उंचीला १० अंशांचा उतार दिल्यास सुमारे ५.३ मिलिमीटर. हे सरकणे वळणाच्या केंद्राच्या दिशेने असेल आणि वळणाची त्रिज्या ५ मिलिमीटरच असेल, तर शेजारचे छेद एकमेकांना ओलांडतात, पृष्ठभाग स्वतःवरच दुमडतो आणि आज्ञा अयशस्वी होते. नवशिक्या अभियंत्याला हा सॉफ्टवेअरचा दोष वाटतो, पण मागितलेला आकार भूमितीतच अस्तित्वात नसतो. उपाय दोनच उरतात: त्रिज्या वाढवायची किंवा त्या भागात उतार हळूहळू कमी करत न्यायचा.

शून्य जाडीची कडही अशीच फसवी असते. पडद्यावर ती सुबक दिसते, पण तेथे दोन पृष्ठभाग एका रेषेत मिळतात आणि गोलाई देण्यास जागा उरत नाही. शिवाय प्रत्यक्ष पोलादात तशी धार पाण्याच्या माऱ्यापुढे चिरफळते. म्हणून माथ्याला थोडी जाडी राखून गोलाई दिली जाते, आणि बाजूंना मिळताना केवळ स्पर्शरेषाच नव्हे, तर वक्रताही जुळवली जाते, कारण वक्रतेतील अचानक बदल पाण्याच्या पातळ थराला जाणवतो. अशा गुळगुळीत वक्रांचे गणित १९५९च्या सुमारास सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी आणि त्यानंतर रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या बाह्य आकारांसाठी मांडले.

पाण्यातील वाळूने कड झिजते. हिमालयातील नद्यांवर ही झीज विशेष तीव्र असते. दुरुस्तीत वेल्डिंगने धातू चढवून कड पुन्हा घासली जाते आणि तिचा आकार साच्याने किंवा त्रिमितीय स्कॅनने मूळ प्रतिमानाशी ताडून पाहिला जातो. चाक समतोलात फिरावे यासाठी सर्व पात्रांची वजनेही एकमेकांशी जुळवावी लागतात.