प्राध्यापिका मोजायच्या कशा?

मुलीला नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तयारीला बसवायचे की नाही, याची चर्चा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घरांत निघाली की एक वाक्य हटकून येते: “अमेरिकेत कॉलेजात शिकवायला बायकाच असतात, आपल्याकडे कुठे आहेत तेवढ्या?”

आकडे असे सांगत नाहीत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात १५.९८ लाख शिक्षक होते आणि त्यांतल्या ४३.४ टक्के स्त्रिया. २०१४-१५ मध्ये शंभर पुरुषांमागे ६३ स्त्रिया होत्या, त्या ७७ झाल्या. अमेरिकेत हे प्रमाण साधारण निम्मे. अंतर आहे, पण दरी नव्हे. केरळात तर निम्म्याहून अधिक शिक्षक स्त्रियाच आहेत. उलट जपानसारख्या श्रीमंत देशात विद्यापीठांतल्या पूर्णवेळ अध्यापकांत स्त्रिया तीस टक्केही भरत नाहीत.

तिकडची परंपरा जुनी आणि आपली कालची, असेही म्हटले जाते. नगरकरांनी तरी हे म्हणू नये. सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये निधन होईपर्यंत इथे मुलींना शिकवत राहिली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते तिच्याच संस्थेत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाशी आज जिल्ह्यातली कॉलेजे जोडलेली आहेत. अमेरिकेत वेलस्लीसारख्या मुलींच्या कॉलेजांत प्राध्यापिका एकोणिसाव्या शतकातच होत्या, हे खरे. पण हार्वर्डने पहिली स्त्री अध्यापक, डॉ. ॲलिस हॅमिल्टन, नेमली ती १९१९ मध्ये. कर्व्यांचे महिला विद्यापीठ तेव्हा तीन वर्षांचे झाले होते.

खरी तफावत टक्केवारीत दिसतच नाही. २०२१-२२ मध्ये भारतात प्राध्यापिका सुमारे ६.९ लाख, अमेरिकेत साडेसात लाखांच्या आसपास. म्हणजे संख्या जवळजवळ सारखी. विद्यार्थी मात्र आपल्याकडे ४.३३ कोटी, तिकडे दोन कोटींहूनही थोडे कमी. आपल्याकडे एका प्राध्यापिकेमागे बासष्ट विद्यार्थी येतात, तिकडे पंचवीस. याचे मोठे कारण हे की आपल्याकडे एकूण शिक्षकच कमी पडतात. म्हणूनच, प्राध्यापक भरती रखडते तेव्हा तो प्रश्न नेट-सेट होऊन घरी बसलेल्या मुलींचाही असतो, आणि त्याकडे तसे पाहिलेच जात नाही याचे वाईट वाटते.

निम्म्या जागा मिळाल्या म्हणजे बरोबरी झाली, हा समज तर अमेरिकेतच खोटा ठरतो. तिथे सहायक प्राध्यापकांत स्त्रिया निम्म्याहून जास्त आहेत, पण प्राध्यापक या वरच्या पदावर एक तृतीयांशाच्या आसपास. शिवाय २०२१ मध्ये तिथले ४४ टक्के अध्यापक अर्धवेळ होते. बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा तिथे नाही; १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. आपल्याकडे २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंचे मानधन तासावर ठरते. तास झाला नाही, तर पैसे नाहीत.

म्हणून मुलीसाठी एखाद्या कॉलेजची चौकशी करताना तिथे बायका किती एवढ्यावर थांबू नये. त्यांतल्या कायम किती, तासिकेवर किती आणि विभागप्रमुख किती, हेही विचारावे.