हाक मारण्याआधीचा आधार

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे 1933 साली जन्मलेल्या डोनाल्ड ट्रिपलेट या मुलाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर आहे. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ऑटिझम हे स्वतंत्र निदान त्या निबंधातून पुढे आलं आणि त्यातला पहिला मुलगा होता डोनाल्ड. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला लहानपणी एका संस्थेत ठेवलं होतं आणि वर्षभराने घरी परत आणलं. पुढे हेच ट्रिपलेट पदवीधर झाले, गावातल्या बँकेत नोकरीला लागले, देशोदेशी एकट्याने फिरले आणि 1985 मध्ये आई गेल्यावर त्याच घरात एकटे राहू लागले. 2023 साली, वयाच्या 89व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ऐकणारा साहजिकच म्हणतो, ऑटिझमवर मात करून केवढी मजल मारली! पण जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर हे दोन पत्रकार त्यांना शोधत गावात पोहोचले तेव्हा दिसलं ते वेगळंच. ट्रिपलेट यांचं बोलणं म्हातारपणीही तुटकच होतं. ओळखीच्या माणसांना मनातल्या मनात क्रमांक देण्याची सवय सुटली नव्हती. दिवस ठरल्याप्रमाणेच जायचा: मित्रांबरोबर कॉफी, मग चालणं, मग गोल्फ. गावाला हे सगळं ठाऊक होतं, मान्य होतं. त्यांना कुणी त्रास दिला तर गाठ आमच्याशी आहे, अशी तंबी गावकऱ्यांनी त्या पत्रकारांनाही दिली. ट्रिपलेट एकटे राहत होते, पण त्यांच्याभोवतीचा आधार त्यांना रोज नव्याने मागावा लागत नव्हता.

हा न मागता मिळणारा आधार नेमका का लागतो, हे समजण्यासाठी आधी ऑटिझममधली चिंता समजून घ्यावी लागते. ऑटिस्टिक प्रौढांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2019 साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार पाहणीच्या वेळी सुमारे 27 टक्के व्यक्तींना चिंताविकार होता, आणि आयुष्यात कधी ना कधी तो झालेल्यांचं प्रमाण 42 टक्क्यांच्या घरात होतं. म्हणजे चिंता हा इथे अपवाद नाही. तिचं एक मोठं मूळ संशोधकांना अनिश्चितता न सोसण्यात सापडतं. पुढे काय होणार हे माहीत नसणं बहुतेकांना थोडं खटकतं. ऑटिस्टिक व्यक्तीला ते आतून पोखरतं. त्यात संवेदनांचा भार पडतो. मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटची चरचर, लोकलमधली अंगाला अंग लावून उभी असलेली गर्दी, उदबत्तीचा वास हे इतरांच्या ध्यानातही येत नाही. काहींना मात्र ते अक्षरशः दुखतं. आता शहरातला साधा दिवस डोळ्यांपुढे आणा. पाणी सकाळी येणार की दुपारी, याचा पत्ता नाही. न सांगता कुणीतरी बेल वाजवतं. कोपऱ्यावर ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. नळ दुरुस्त करणारा ‘येतो अर्ध्या तासात’ म्हणून संध्याकाळपर्यंत फिरकत नाही. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. पण दिवसभर एखाद्याचे कान बेलकडे आणि डोळे दाराकडे लागलेले असतील, तर रात्री त्याच्या अंगात त्राण उरत नाही.

एकटं राहणं हे यावर औषधही आहे आणि संकटही. घर आपलं असलं की दिवा किती प्रखर असावा, जेवण किती वाजता व्हावं, टीव्ही लागावा की नाही, हे आपण ठरवतो. भेटीगाठींनी थकलेल्या मनाला दार लावून घेता येतं. म्हणून अनेक ऑटिस्टिक प्रौढांना एकटं राहणं मनापासून आवडतं, आणि त्याची कीव करण्याचं कारण नाही. पण घरात दुसरं कुणी नसलं की सगळी अनिश्चितताही एकाच्याच वाट्याला येते: वीजबिल, गळका नळ, तापाची रात्र, बँकेतून आलेला न कळणारा संदेश. बुद्धी तल्लख असूनही कामाला सुरुवात करणं, क्रम लावणं, एक काम सोडून दुसरं धरणं अनेकांना जड जातं. शिवाय सुमारे निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्यांना नाव देणं कठीण जातं, असं अभ्यासांत आढळलं आहे. छातीत धडधडतंय, पोटात ढवळतंय एवढं कळतं. ही भीती आहे, भूक आहे की दुखणं, हे कळत नाही. घालमेल शिगेला पोहोचली की काहींची वाचाच बसते, तर काहींना फोन उचलून नंबर लावणंही जमत नाही. सगळा पेच इथे आहे. मदतीची गरज सर्वांत जास्त असते त्याच घटकेला मदत मागण्याची शक्ती सर्वांत कमी असते. ‘काही लागलं तर सांग हं’ या आपल्या प्रेमळ वाक्याचा म्हणूनच इथे फारसा उपयोग होत नाही. ऑटिस्टिक माणसाला मिळणारा आधार हाक मारण्याच्या ताकदीवर अवलंबून ठेवू नये. तो आधीच, शांत वेळी, ठरवून ठेवलेला असावा.

या मांडणीच्या आड आपली भाषाही येते. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळला आहे. तो चांगल्या हेतूने घडवला गेला असेल, पण या माणसांना इतरांची गरजच नाही, ती आपल्यातच दंग असतात, असा समज तो करून देतो. संशोधन वेगळं सांगतं. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 साली असं मांडलं, की न कळणं हे दुतर्फी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचे संकेत उमगत नाहीत, तसे इतरांनाही त्याचे उमगत नाहीत. पुढे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांची साखळी करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती जवळपास तितकीच शाबूत पोहोचली, जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. मात्र या दुतर्फी प्रश्नाची सगळी किंमत एकच बाजू मोजते. चारचौघांत खपून जावं म्हणून ऑटिस्टिक माणूस डोळ्यांत डोळे घालून बोलायचा सराव करतो, हसण्याच्या जागा पाठ करतो, हात हलवण्याची ऊर्मी दाबतो. असा मुखवटा जितका जास्त, तितकी चिंता आणि नैराश्य जास्त, असा संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. त्यामुळे आधार शोधताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की या माणसासमोर मुखवटा काढता येतो का? इतर ऑटिस्टिक प्रौढांशी ओळख, मग ती लेखी संदेशांपुरती का असेना, अनेकांना जिवाभावाची वाटते ती याच कारणाने.

ठरवून ठेवलेला आधार म्हणजे काय, हे फार गूढ नाही. रोज रात्री नऊला एका विश्वासू माणसाला एकच ठरलेली खूण पाठवायची आणि ती साडेनऊपर्यंत आली नाही तर त्याने काय करायचं, हे दोघांनी आधी लिहून ठेवायचं. घराची जादा किल्ली शेजारी द्यायची, पण ती कधी वापरायची आणि कधी नाही, तेही सांगून. बोलणं थांबलं तर दाखवायला पाकिटात एक चिठ्ठी ठेवायची: मी ऑटिस्टिक आहे, आत्ता बोलू शकत नाही, दहा मिनिटं शांत बसू द्या, अमुक नंबरवर कळवा. फ्रिजवर एक तक्ता लावायचा, कारण भावना ओळखू येत नसली तरी खुणा मोजता येतात: जेवण टळलं का, झोप किती झाली, जबडा आवळलाय का, कालपासून किती संदेश अनुत्तरित आहेत. दोन-तीन खुणा दिसल्या की त्या दिवशीची कामं निम्मी करायची, हा नियमही तिथेच लिहायचा. आवाज अडवणारे हेडफोन आणि मंद दिवा यांना चोचले म्हणू नये. चष्म्याला कुणी चोचला म्हणत नाही. समुपदेशकाकडे जायचं तर पद्धत जुळवून घ्यायला सांगावं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2012 सालची मार्गदर्शक तत्त्वं सीबीटीसारख्या, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या, उपचारांत ऑटिस्टिक प्रौढांसाठी असेच बदल सुचवतात: अधिक ठोस आणि आखीव बैठका, लेखी किंवा चित्ररूप माहिती, रूपकं टाळून सरळ भाषा, मध्ये विश्रांती, आणि त्या व्यक्तीच्या आवडीच्या विषयाचा वापर. ‘तुम्हाला आत कसं वाटतंय?’ या प्रश्नाशी तासभर झगडण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी ठरू शकतं.

यावर एक रास्त आक्षेप असा, की इतकं सगळं ठरवून दिलं तर भीती वाढेल. चिंतेवरचा प्रसिद्ध उपचार तर उलट आहे: ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जा. हा आक्षेप अर्धा खरा आहे. टाळत राहिल्याने जग आक्रसतं, हे ऑटिस्टिक माणसालाही लागू पडतं. पण इथे भीती आणि वेदना यांत फरक करायला हवा. नव्या दुकानात जाण्याची भीती सरावाने ओसरू शकते. कर्कश आवाजाचा त्रास तसा ओसरेलच असं नाही. संवेदनांचा त्रास जास्त असलेल्या ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूची प्रतिक्रिया, तोच आवाज आणि तोच स्पर्श पुन्हा पुन्हा दिला तरी, इतर मुलांसारखी उतरत जात नाही, असं 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. म्हणून ‘सवय होईल’ हा सरसकट सल्ला चुकीचा. आणि भीतीला सामोरं जायचं तरी पाय टेकायला जागा लागते. कधी निघायचं, किती वेळ थांबायचं, नको झालं तर बाहेर कसं पडायचं, हे ठाऊक असलेला माणूस नवं काही करून बघण्याची शक्यता जास्त. ट्रिपलेट यांचंच पाहा. घरी त्यांचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालायचा, आणि तेच गृहस्थ एकट्याने परदेश पालथे घालायचे.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा. कुटुंब असताना एकटं राहायचंच कशाला? जिथे घरात समजून घेणारी माणसं आहेत आणि त्या व्यक्तीलाही तेच हवं आहे, तिथे प्रश्नच नाही. पण नोकरी दुसऱ्या शहरात असते, घरातली वर्दळ सोसत नाही, आणि आईवडील कायमचे पुरत नाहीत. ‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा प्रश्न ऑटिस्टिक मुलांच्या पालकांच्या तोंडी सतत असतो. आपल्या कायद्यालाही तो ठाऊक आहे. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा अशा व्यक्तींनी आपल्या समाजात शक्य तितकं स्वतंत्र जगावं, हे उद्दिष्ट सांगतो आणि पालकांनंतरच्या काळजीचाही विचार करतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि समाजात राहण्याचा हक्कही त्यात आहे. तरी आपल्याकडच्या बहुतेक सोयी लहान मुलांसाठी आहेत. मूल मोठं होतं आणि सोय संपते. पालक हयात असताना, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, एकटं राहण्याचा सराव सुरू झाला, तर पुढे तो आघात म्हणून अंगावर कोसळत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. ट्रिपलेट सुखवस्तू घरातले, ती बँक त्यांच्या आजोळच्या घराण्याची, गाव लहान. आपल्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं? आणि ज्यांना चोवीस तास सोबत लागते त्यांचं काय? दोन्ही खरं आहे. एकटं राहणं ही सगळ्यांसाठीची कसोटी नव्हे, आणि सोबतीने राहणं म्हणजे अपयश नव्हे. पैशाने ट्रिपलेट यांना घर आणि नोकरी मिळाली; ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्यासाठी ती उणीव समाजाने आणि सरकारने भरायला हवी. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र हा सरकारी मदतीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आहे. मानसिक त्रासासाठी 14416 ही टेलिमानसची सरकारी सेवा मराठीतही, चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये आत्महत्येच्या विचारांचं प्रमाण जास्त आढळतं. तसा विचार डोकावला तर मदत घ्यायला थांबू नये. मात्र ही सेवा प्रामुख्याने फोनवरची आहे, आणि फोन हीच अनेकांची अडचण. म्हणून वेळ आली तर आपल्या वतीने हा नंबर कोण लावेल, तेही आजच ठरवून ठेवावं.

आणि ट्रिपलेट यांना जे मिळालं त्यातला एक भाग पैशाचा नव्हताच. गावाला त्यांची पद्धत माहीत होती, एवढंच. आपल्याकडे मायेची वाण नाही, पण आपली माया बरीचशी मोघम असते. ‘बघू’, ‘करू’, ‘येऊन जातो कधीतरी’ ही आपली रोजची भाषा, आणि न सांगता दारात उभं राहणं ही जवळिकीची खूण. शेजारच्या फ्लॅटमधल्या ऑटिस्टिक भाडेकरूला मात्र तीच माया कळवून आलेली हवी असते. टाकी धुणार असल्याची सूचना आदल्या दिवशी, लेखी. बेल वाजवण्याआधी एक संदेश. उत्तर आलं नाही तर राग न धरणं. आणि ‘येतो जरा वेळाने’ म्हणण्याऐवजी ‘पाचला येतो’ असं सांगून पाचलाच येणं.