व्यालेली गाय आणि अर्धवट जळालेली चरबी

मंचर, नारायणगाव, ओतूर, घोडेगाव या जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रांवर किटल्यांची रांग लागते. मशीनमध्ये नमुना जातो आणि पावतीवर फॅट (चरबी) आणि एसएनएफ (चरबीखेरीज इतर घनपदार्थ) यांचे आकडे उमटतात. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरत असल्याने नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधाला एकदम ५ फॅट लागला की घरात आनंद होतो. पण हा फॅट वैरणीतूनच आला असेल असं नाही. त्यातला चांगलाच वाटा गाईच्या पाठीवरून, कमरेवरून, शेपटीच्या मुळाशी साठलेल्या चरबीतून उतरलेला असू शकतो. दोन पैसे जास्त मिळतात तेव्हाच गाय झडत असते.

शरीर चरबी कशी मोडतं आणि त्यातून ऊर्जा कशी काढतं, हे पाहायचं तर जुन्नर-आंबेगावच्या गोठ्याइतकी चांगली जागा नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, ऊस-मका वाढला, मुरघासाचे खड्डे भरू लागले आणि गोठ्यात होल्स्टीन संकरित गाई आल्या. गावठी गाय दिवसाला दोन-तीन लिटर द्यायची. संकरित गाय वीस लिटर सहज देते. वीस लिटर दुधात जवळपास १ किलो लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, आणि ती कासेत ग्लुकोजपासूनच तयार होते.

अडचण अशी की गाईला वैरणीतून ग्लुकोज थेट फारसं मिळतच नाही. तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध शिगेला पोचतं. भूक मात्र पूर्ण यायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात खर्च जास्त आणि आवक कमी. रक्तातलं ग्लुकोज उतरतं, त्याबरोबर इन्सुलिनही उतरतं.

इन्सुलिन उतरणं हीच चरबी सुटण्याची खूण. चरबीच्या पेशीत जो साठा असतो तो ट्रायग्लिसराइडच्या रूपात: ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन स्निग्धाम्लं जोडलेली. ही जोडणी तोडणारी विकरं पेशीत हजरच असतात, पण इन्सुलिन त्यांना थोपवून धरतं. ते कमी झालं आणि अॅड्रिनालिनसारखी संप्रेरकं वाढली की विकरं कामाला लागतात. सुटलेली स्निग्धाम्लं रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून स्नायूंकडे, हृदयाकडे, यकृताकडे जातात. पेशीत शिरल्यावर कार्निटीन त्यांना मायटोकाँड्रियात नेतं आणि तिथे खरी तोडणी सुरू होते.

ही तोडणी दोन-दोन कार्बननं होते, हे फ्रांझ क्नूप या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पामिटिक आम्लात सोळा कार्बन असतात. सात वेळा काप बसतो आणि अॅसिटाइल-कोएन्झाइम-ए या पदार्थाचे आठ तुकडे पडतात. हे तुकडे क्रेब्स चक्रात जाऊन पूर्ण जळतात. एक ग्रॅम चरबीतून नऊ कॅलरी मिळतात, पिष्टातून चार.

मात्र या चक्रात शिरायला प्रत्येक तुकड्याला ऑक्झॅलोअॅसिटेट नावाचा जोडीदार लागतो. व्यालेल्या गाईच्या यकृतात नेमका तोच कमी पडतो, कारण यकृत त्याचं ग्लुकोज करून कासेकडे पाठवत असतं. चरबी येतच राहते आणि तुकडे तुंबतात. ओलं लाकूड चुलीत धुमसावं तशी चरबी अर्धवट जळते आणि धुराच्या जागी कीटोन बाहेर पडतात: अॅसिटोअॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अॅसिटोन. हाच तो किटोसिस.

गोठ्यातून डॉक्टरांना जाणारा फोन ठरलेला असतो: “डॉक्टर, गाय व्याली चांगली, पण खुराकाला तोंड लावत नाही, नुसता कडबा ओढतेय. दूधही तुटलंय.” शेण कडक पडतं. काहींना गाईच्या श्वासाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, काहींना तो येतच नाही, म्हणून वासावर विसंबता येत नाही. डॉक्टर रोथेराची पावडर चिमूटभर घेतात, त्यावर मूत्राचे दोन थेंब टाकतात. कीटोन असतील तर पावडर बघता बघता जांभळी होते.

घरचा पहिला उपाय गुळाचा. मायेनं दिलेला गूळ वाया जातो असं नाही, पण तो थेट रक्तात पोचत नाही. कोठीपोटातले सूक्ष्मजीव तो आधी फस्त करतात. म्हणून डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात आणि तोंडावाटे प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगतात. त्याचा मोठा भाग सूक्ष्मजीवांच्या तावडीतून सुटतो आणि यकृतात त्याचं ग्लुकोज होतं.

माणसाच्या शरीरातही रसायन हेच, फक्त पोट वेगळं. आपण खाल्लेलं पिष्ट थेट ग्लुकोज होऊन रक्तात येतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर झाली की इन्सुलिन वर चढतं आणि चरबीची विकरं थंड पडतात. उपवास श्रद्धेनं करावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या ताटानं चरबी झडते, ही समजूत सोडायला हवी. काहीच खाल्लं नाही तर यकृतातला साखरेचा सुमारे शंभर ग्रॅम साठा साधारण दिवसभरात आटोपतो आणि मग कीटोन वाढू लागतात. मेंदूला स्निग्धाम्लं चालत नाहीत, कीटोन चालतात. लांबलेल्या उपासात मेंदू त्यांच्यावर भागवतो, हे जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवलं. निरोगी माणसात थोडं का होईना इन्सुलिन असतं, त्यामुळे कीटोन मर्यादेत राहतात. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिनच नसेल तर ते बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, खोल धाप, ग्लानी दिसली तर अशा रुग्णाला उपास-पथ्य न बघता तातडीनं रुग्णालयात न्यावं लागतं.

मेहनत करतानाही शरीर असाच हिशेब करतं: जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याचे सात दरवाजे धापा टाकत चढलं तर स्नायू प्रामुख्यानं स्वतःतली साखर जाळतात, बोलत-बोलत, संथ चाललं तर चरबीचा वाटा वाढतो. आणि जळालेली चरबी मुख्यतः घामातून जात नाही. १० किलो चरबी पूर्ण जळाली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. मीरमन आणि ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हा हिशेब २०१४ मध्ये मांडला.

गाईच्या बाबतीत मात्र खरं काम व्यायच्या आधीचं आहे. आटवलेल्या गाभण गाईला लाडानं खुराक घालून गुबगुबीत केलं जातं, आणि तीच गाय पुढे जास्त धोक्यात येते. जाड गाय व्याल्यावर कमी खाते, जास्त चरबी सोडते, आणि ती यकृतात साचते. अंगाची प्रत १ (अगदी हाडकी) ते ५ (फार जाड) मध्ये मोजतात. व्यायच्या वेळी ३ ते ३.५ असावी. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक थोडा-थोडा वाढवत न्यावा, म्हणजे कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्याला सरावतात. व्याल्यावर ताजी वैरण दिवसातून अनेकदा पुढ्यात टाकावी आणि पाणी कायम असावं. आटवायच्या दिवशी शेपटीच्या मुळाशी आणि बरगड्यांवरून हात फिरवून पाहावा. बरगड्या हलक्या दाबानं लागल्या तर ठीक, बोटं चरबीत रुतली तर पुढच्या वेताला आटवण्याआधीच खुराकाचा हिशेब बदलावा. आटवल्यानंतर गाईला उपाशी ठेवून बारीक करायला गेलं, तर चरबी तेव्हाच सुटू लागते आणि किटोसिस व्यायच्या आधीच गाठू शकतो.