रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरात फुसके काडतूस निघाले तर चाप पुन्हा ओढावा. नळकांडे फिरून पुढचे समोर येते. गोळ्या मात्र बहुधा पाच-सहाच. अर्धस्वयंचलित पिस्तुलात त्या अधिक मावतात, चपटे असल्याने ते बाळगायलाही सोयीचे. पण फुसके काडतूस हाताने काढावे लागते. १९८६ साली मायामीत दोन दरोडेखोरांशी लढताना एफबीआयचे दोन जण ठार झाले. त्यानंतर अमेरिकी पोलीस झपाट्याने पिस्तुलाकडे वळले. हौशी नेमबाजाला ०.२२ बोअरचे कोणतेही चालेल. नवशिक्याने, माझ्या मते, रिव्हॉल्व्हरच घ्यावे. नळकांडे उघडले की सारी घरे दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस राहू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलाने घरचीच माणसे मेली आहेत.