पाटीवरचे ‘प्रा. लि.’ आणि सातबाऱ्यावरचा बोजा

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाताना एक बदल सहज नजरेत भरतो. डाळगिरण्यांच्या आणि जिनिंग कारखान्यांच्या पाट्यांवर पूर्वी ‘आणि मंडळी’, ‘ब्रदर्स’, ‘अँड सन्स’ अशी नात्यागोत्याची बिरुदे असत. आता तेथे ‘प्रा. लि.’ ही अक्षरे दिसू लागली आहेत. नात्याचा व्यवहार कायद्याच्या व्यवहारात रूपांतरित होत असल्याचे हे चिन्ह होय. ते शुभ की अशुभ, याचा निर्णय पाटी वाचून होणार नाही. त्यासाठी पाटीमागचा हिशेब पाहावा लागेल.

काही महिन्यांपूर्वी एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वडिलांनी उभारलेली डाळगिरणी तिघे भाऊ भागीदारीत चालवितात. मधल्याने फर्मच्या नावावर तूर उचलली, भाव कोसळला आणि देणे थकले. तगादा मात्र थोरल्याच्या, म्हणजे याच्या, घरापर्यंत आला. “सर, सही त्याची आणि घर माझे, हा कुठला न्याय?” हा त्याचा प्रश्न. उत्तर १९३२ च्या भागीदारी कायद्यात आहे. फर्मच्या देण्यास प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. धनकोला तिघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागता येते. त्याचा पुढचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता : “मग आता कंपनी केली तर सुटका होईल का?”

झालेल्या देण्यातून होणार नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कंपनी ही पुढच्या वाटेवरची छत्री आहे. कालच्या पावसात भिजलेले अंग तिने कोरडे होत नाही. पुढच्यासाठी मात्र तिचा उपयोग निःसंशय आहे. भागधारकाने भागभांडवलात जेवढे घातले वा घालावयाचे कबूल केले, तेवढेच त्याचे बुडावे, अधिक नाही, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८५५ साली कायद्यात आले आणि दोनच वर्षांत हिंदुस्थानातही पोचले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली ती अशाच संयुक्त भांडवलाच्या कंपनीच्या बळावर. एकाच घराण्याने सर्वस्व पणाला लावल्याखेरीज गिरणी उभी राहू शकत नाही, अशी अट असती तर कापूस पिकविणाऱ्या या मुलखाने कितीशा गिरण्या पाहिल्या असत्या, हा प्रश्नच आहे.

आज तर कंपनी स्थापन करणे पूर्वीच्या मानाने फारच सुलभ झाले आहे. खासगी कंपनीस दोन भागधारक पुरतात आणि कमाल मर्यादा दोनशेंची आहे. किमान एक लाख रुपये भांडवलाची अट २०१५ साली गेली. २०१३ च्या कायद्याने एकट्या व्यक्तीलाही कंपनी काढण्याची मुभा दिली. शिवाय २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे ‘एलएलपी’, हा मधला मार्ग उपलब्ध केला आहे. तीत घडण भागीदारीची राहते, पण एका भागीदाराच्या गैरकृत्याचा भुर्दंड दुसऱ्याच्या घरादारावर पडत नाही. चाळीस लाखांपर्यंत उलाढाल वा पंचवीस लाखांपर्यंत भांडवल असलेल्या अशा भागीदारीस लेखापरीक्षणाची सक्तीही नाही. कंपनीला मात्र उलाढाल कितीही अल्प असली तरी दरसाल लेखापरीक्षण करून विवरणपत्रे भरावीच लागतात. उशीर झाला की प्रत्येक पत्रामागे दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क चढत जाते. २०१७ साली विवरणपत्रे न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली गेली. कंपनी काढणे सोपे, पण ती सांभाळणे ही नित्याची जबाबदारी आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

तथापि खरी मेख वेगळीच आहे. छोट्या कंपनीने बँकेकडे कर्ज मागितले की बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि बहुधा घर किंवा शेतीही तारण म्हणून लिहून घेते. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. अशा जामीनदारांवर दिवाळखोरीची कारवाई करण्याच्या तरतुदी २०१९ साली लागू झाल्या आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. म्हणजे पाटीवर ‘मर्यादित’ आणि सातबाऱ्यावर बोजा, अशी स्थिती होते. ज्या कवचासाठी कंपनी काढली, ते बँकेच्या दारात पहिल्याच सहीने उतरवून ठेवावे लागते.

मग हे कवच उरते कोणाविरुद्ध? ज्याला हमी मागता येत नाही, त्याच्याविरुद्ध. लंडनच्या सालोमन या पादत्राणे करणाऱ्या गृहस्थाने १८९२ साली आपल्या धंद्याची कंपनी केली. सात भागधारकांपैकी बाकीचे सहा त्याची पत्नी आणि मुलेच होती. कंपनी बुडाली. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असल्याने तिची देणी सालोमनची नव्हेत. ज्यांनी तारणाविना उधारीवर माल दिला होता, त्यांच्या हाती काहीच पडले नाही. वऱ्हाडात तारणाविना माल देणारा कोण? चुकाऱ्याची वाट पाहणारा कास्तकार! बाजार समितीच्या आवारात त्याच दिवशी चुकारा देण्याचा नियम आहे. पण खेड्यावर, ओळखीपाळखीवर झालेल्या सौद्याला नियमाचा आधार कुठला? आणि कंपनी दिवाळखोरीत निघालीच, तर २०१६ च्या कायद्याने लावलेल्या रांगेत अशा मालविक्याचा क्रमांक तारणदार बँक, कामगार, एवढेच नव्हे तर सरकारी देण्यांच्याही मागे लागतो.

याचा अर्थ मर्यादित जबाबदारी हे तत्त्वच टाकाऊ आहे, असा नव्हे. धंद्यात जोखीम आहे आणि प्रामाणिक अपयशासाठी कुणाचे राहते घर जाऊ नये, हे न्याय्यच आहे. फसवणुकीच्या हेतूने धंदा चालविणाऱ्यांना कायदा हे संरक्षण देतही नाही. परंतु जोखीम नाहीशी होत नाही, ती केवळ दुसऱ्याच्या माथी जाते, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र विसरून चालणार नाही. म्हणून दोन गोष्टी व्हावयास हव्यात. बँकांनी छोट्या उद्योगांकडून सरसकट हमी न घेता ठरावीक रकमेपुरती हमी घ्यावी. तारणाविना कर्जासाठी २००० सालापासून पतहमीची योजना आहेच, तिचा वापर मोकळ्या मनाने करावा. आणि ज्या उद्योगाचा कच्चा माल शेतातून येतो, त्याच्या दिवाळखोरीत शेतकऱ्याच्या चुकाऱ्यास कामगाराच्या वेतनाचा दर्जा मिळावा.

विद्यार्थ्याला सल्ला दिला तो एवढाच : जुने देणे आधी फेडा, वाटणी लेखी करा, मग मर्यादित दायित्वाची भागीदारी नोंदवा, आणि हमीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील रकमेचा रकाना वाचा. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, “तूर घातलेल्या शेतकऱ्यांपैकी चौघांचे अजून बाकी आहे. त्यांच्याजवळ तर हमीपत्रही नाही.” मी म्हटले, “म्हणूनच यादीत पहिले नाव त्यांचे घाला.”