एका कर्णाच्या दोन वाटा

शिंदखेड्यात मोबाइल टॉवरची उंची काढायला वर चढावं लागत नाही. एक मीटरची काठी सरळ उभी धरायची, तिची सावली मोजायची आणि लगेच टॉवरचीही. काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि टॉवरची 24 मीटर भरली, तर टॉवर 30 मीटर उंच. ऊन दोन्हीकडे एकाच कोनातून उतरतं, त्यामुळे दोन्ही काटकोन त्रिकोण समरूप. संगत बाजू 30 पट. पोरं अडतात ती पुढे: क्षेत्रफळ मात्र 900 पट! मेच्या अखेरच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो. त्या क्षणी सावलीच नाही, त्रिकोण नाही, आणि गणित शून्य भागिले शून्यावर अडकतं.

याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाला 1207 मध्ये दान मिळालं, त्याची ती नोंद. त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’त एक साधा प्रश्न आहे: काटकोनाच्या बाजू 15 आणि 20, तर कर्ण किती? आचार्य तो दोन वाटांनी काढतात.

पहिली वाट समरूपतेची. कर्णाला नाव ‘या’. काटकोनातून कर्णावर लंब टाकला की दोन लहान त्रिकोण होतात, दोन्ही मूळ त्रिकोणाशी समरूप. लहान तुकडा भागिले 15 म्हणजेच 15 भागिले या. म्हणून तो तुकडा 225/या. तसाच दुसरा 400/या. दोन्ही मिळून कर्ण, म्हणजे या² = 625 आणि या = 25.

दुसऱ्या वाटेला समरूपता लागतच नाही. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून चौरसात मांडले, की मधे 5 बाजूचा चौकोनी झरोका उरतो. चार त्रिकोण 600, झरोका 25, झाले 625. भास्कराचार्यांनी आकृती काढून नुसतं ‘पाहा’ म्हटलं, ही गोष्ट मला फारशी पटत नाही. ग्रंथात चक्क आकडेमोड आहे.

पुठ्ठा कापून करायला ही दुसरी वाट झकास. आकड्यांऐवजी अक्षरं घातली, की 2अब + (ब − अ)² आणि अ² + ब² या राशी सममूल्य ठरतात. अ, ब काहीही घ्या. दोन्ही बाजू सारख्या असल्या तर झरोका मिटतो, चार त्रिकोण चौरस पुरता भरून काढतात, आणि 2अ² बरोबर अ² + अ² उरतं.